हाकांची वही

इमारत पूर्ण झाली, ताबा दिला, फोटो काढले की आर्किटेक्टचा त्या जागेशी संबंध सहसा संपतो. मीही सत्तावीस वर्षं तसंच काम केलं. लोक राहायला आल्यावर तिथे काय होतं, कुठलं दार जड लागतं, कुठल्या कोपऱ्यात कुणी बसतच नाही, हे बघायला परत जावं असं मनात यायचं. पण तोवर पुढचं काम सुरू झालेलं असायचं. त्यामुळे एका ज्येष्ठ निवासाच्या विश्वस्तांनी ‘लोक राहायला येऊन दोन वर्षं झाली, इमारत कशी चालते आहे ते तपासून द्या’ असं सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. ही इमारत दुसऱ्या आर्किटेक्टने केलेली होती आणि मनापासून केलेली होती. पहिल्या फेरीतच ते दिसलं.

अशा तपासणीला ‘पोस्ट ऑक्युपन्सी इव्हॅल्युएशन’ म्हणतात. ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थी वसतिगृहांचा १९६७ मध्ये असाच अभ्यास झाला होता. इमारत चांगली की वाईट हे तिथे राहणाऱ्यांच्या रोजच्या वागण्यावरून ठरवायचं, हे तिचं मूळ. आम्ही तिघी होतो. मी, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेली एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आजारपणात किंवा म्हातारपणात रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून मदत करणारी) आणि वृद्धांच्या वॉर्डात आयुष्य काढून निवृत्त झालेल्या एक परिचारिका. त्यांना आम्ही ‘सिस्टर’च म्हणायचो.

मी सुरुवात नकाशांपासून केली, कारण मला तेच येतं. रॅम्पचा उतार १:१२. खोल्यांची दारं ९०० मिलिमीटर. बाथरूममध्ये व्हीलचेअर वळवायला १५०० मिलिमीटरचं वर्तुळ. कमोडशेजारी आधाराला धरायचा दांडा म्हणजे ग्रॅब बार, पॅसेजला दोन्ही बाजूंनी कठडा. दोन दिवस मी यादीवर खुणा करत होते आणि जवळपास सगळीकडे ‘बरोबर’चीच खूण पडत होती. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी माझ्या हातात एक साधी रेघांची वही दिली. त्यात त्यांनी पाच रकाने आखले होते : वेळ, जागा, हाक कुणी मारली, कशासाठी, आणि शेवटचा, ‘इमारतीमुळे का?’

“नकाशा राहू दे आता,” त्या म्हणाल्या. “पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बस आणि नुसतं ऐक. माणूस हाक मारतो तेव्हा त्याला काहीतरी जमलेलं नसतं. ते त्याच्या शरीरामुळे जमलं नाही की भिंतीमुळे, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.”

पहिल्या दिवशी सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत मी दुसऱ्या मजल्यावर बसले. पहिली हाक सात वाजून दहा मिनिटांनी आली. वॉकर घेऊन चालणाऱ्या एक आजी पॅसेजच्या मधल्या दारापाशी थांबून “कुणी आहे का?” असं विचारत होत्या. ते फायर डोअर होतं, वर दार आपोआप मिटवणारा क्लोजर बसवलेलं. आग लागली तर धूर अडवायला ते आपोआप घट्ट मिटलंच पाहिजे, म्हणून त्याची स्प्रिंग कडक होती. मी ताणकाटा लावून पाहिला तर दार हलायलाच पाच किलोच्या आसपास जोर लागत होता. अमेरिकेच्या सुलभता मानकांत आतल्या साध्या दारांसाठी २२ न्यूटनची, म्हणजे साधारण सव्वादोन किलोची मर्यादा आहे. फायर डोअरला ती लागू होत नाही. म्हणजे नियम कुठेच मोडलेला नव्हता, आणि तरी वॉकरवर दोन्ही हात असलेल्या बाईला जेवायला जाण्यासाठी दिवसातून तीनदा दुसऱ्या कुणाची वाट बघावी लागत होती. उपाय काही नवा नाही. दार विजेच्या चुंबकाने उघडं धरून ठेवायचं. आगीचा इशारा वाजला की चुंबक सुटतो आणि दार मिटतं. हे नकाशावर मला कधीच दिसलं नसतं. नकाशात दार म्हणजे एक रेघ आणि पाव वर्तुळ. त्याला वजन नसतं.

त्या दिवसाच्या हाकांपैकी निम्म्याहून जास्त हाकांसमोर मी शेवटच्या रकान्यात ‘हो’ लिहिलं. मला वाटलं होतं त्याच्या बरंच पलीकडचं होतं ते.

लिफ्टसमोर एक गडद तपकिरी पायपुसणं होतं, फिकट टाईल्सच्या मधोमध. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेले एक काका त्याच्या कडेपर्यंत यायचे, थांबायचे आणि मागे बघून हाक मारायचे. सेविका हात धरून त्यांना पलीकडे न्यायची. सगळ्यांना वाटे, त्यांना लिफ्टची भीती वाटते. माझ्या थेरपिस्ट मैत्रिणीने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, “त्यांना ते पायपुसणं दिसतच नाहीये. त्यांना खड्डा दिसतोय.” खोल-उथळाचा अंदाज कमी झाला की फिकट जमिनीवरचा गडद तुकडा भोकासारखा भासतो, चकचकीत फरशी पाण्यासारखी भासते. आम्ही व्यवस्थापकांना विचारून पायपुसणं उचललं. दुसऱ्या दिवशी काका थेट लिफ्टपर्यंत चालत गेले आणि बटण दाबून उभे राहिले. इतक्या वर्षांत इतक्या स्वस्तात झालेला दुसरा बदल मला आठवत नाही. म्हणूनच राग आला, कुणा एकावर नाही, पण ज्या पद्धतीने आम्ही फिनिशिंगचे नमुने टेबलावर ठेवून रंग निवडतो, तिच्यावर.

रंगाची गोष्ट कठड्यांनाही लागू होती. लोक कठडा सोडून भिंतीवर हात टेकत चालत. भिंतीवर कमरेच्या उंचीला हातांचा मळकट पट्टाच उमटला होता. कठडा त्याच क्रीम रंगाचा होता. आम्हाला तो दिसत होता, त्यांना नाही. साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश असतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होत जातं, निळा आणि हिरवा एकमेकांत मिसळायला लागतात. शिवाय पॅसेजच्या टोकाला मोठी खिडकी होती. दुपारी तिचा झोत गुळगुळीत फरशीवर पडला की समोरून येणारं माणूस नुसती सावली वाटे. मैत्रिणीने आणलेला पिवळ्या काचांचा चष्मा लावून, मनगटांना आणि घोट्यांना वजनं बांधून मी तो पॅसेज चालले. अर्ध्यात पोचल्यावर माझाही हात भिंतीकडे गेला. त्या चष्म्याने म्हातारपण कळतं असं मी म्हणणार नाही. काढला की संपतं ते. पण कठडा का सापडत नाही एवढं नक्की कळलं.

रात्रीची पाहणी सिस्टरांच्या आग्रहामुळे झाली. व्यवस्थापनाला ती नको होती, राहणाऱ्यांची झोपमोड होईल म्हणून. ते रास्तच होतं. शेवटी ज्यांनी स्वतःहून परवानगी दिली अशा पाच जणांच्याच खोल्यांत, त्यांनी हाक मारली तरच जायचं, असं ठरलं. दुसऱ्या मजल्यावर आणि तिसऱ्यावर मिळून रात्री एकच सेविका होती. पहाटे अडीचला पहिली घंटा वाजली.

पलंगापासून कमोडपर्यंत साडेचार मीटर अंतर. दिवसा ते काहीच वाटत नाही. रात्री उठल्यावर रक्तदाब खाली गेलेला असतो, चष्मा टेबलावर, जमीन अंधारात. दिव्याचं बटण दाराशेजारी, म्हणजे पलंगाच्या विरुद्ध टोकाला. ते लावेपर्यंत अंधारातच चालायचं, आणि लावल्यावर छतावरचा पांढरा लख्ख दिवा डोळ्यांवर येतो आणि पुन्हा काही क्षण काहीच दिसत नाही. वय वाढलं की झगमगाटातून सावरायला डोळ्याला जास्त वेळ लागतो. त्यात बाथरूमच्या दारात ५० मिलिमीटरचा उंबरा. आत पांढरी फरशी, पांढऱ्या भिंती, पांढरा कमोड, पांढरी सीट. ज्या काकांकडे आम्ही गेलो ते हाताने चाचपत सीट शोधत होते. “दिवसा मी स्वतः जातो,” त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं. ते आम्ही लिहून घ्यावं असं त्यांना वाटत होतं. मी लिहून घेतलं.

याच रात्री दोऱ्यांचं लक्षात आलं. प्रत्येक बाथरूममध्ये मदतीसाठी ओढायची लाल दोरी होती. पडलेल्या माणसाच्या हाताला लागावी म्हणून ती जमिनीपासून १०० मिलिमीटरपर्यंत खाली सुटलेली असावी लागते. पाचपैकी चार खोल्यांत ती गाठ मारून खांद्याच्या उंचीला अडकवलेली होती. मला वाटलं, हा निष्काळजीपणा. सकाळी सफाई करणाऱ्या ताईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “पोछा मारताना भिजते, काळी पडते. मग घाण दिसते म्हणून बोलणी आम्हाला बसतात.” दोरी सुती होती. पुसता येईल असं वेष्टन असलेली दोरी बसवली असती तर ती बांधायचं कारणच उरलं नसतं. तेव्हापासून मी तपासणीची पहिली मुलाखत सफाई करणाऱ्यांचीच घ्यायची असं ठरवलं आहे. पाणी कुठे तुंबतं, कुठली टाईल निसरडी, कुठला नळ उलटा फिरतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. नळांतून येणारं पाणी कधीकधी एकदम कढत येतं, हेही त्यांनीच सांगितलं. टाकीत जंतू वाढू नयेत म्हणून पाणी ६० अंशांवर ठेवणं बरोबरच आहे, पण त्या तापमानाला म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदांत भाजतं. नळाआधी मिश्रणाचा व्हॉल्व्ह लावून ते चाळीस-बेचाळीसवर आणावं लागतं. दोन खोल्यांमधले व्हॉल्व्ह बिघडलेले होते. ते त्याच दिवशी बदलायला लावले, अहवालाची वाट पाहिली नाही.

मुलाखतींचं सांगायचं तर प्रश्नावलीचा फारसा उपयोग झाला नाही. ‘तुम्ही इथे समाधानी आहात का?’ असं विचारलं की सगळे हो म्हणत. ज्यांच्या भरवशावर रोजचा दिवस जातो त्यांच्याबद्दल कुणी वाईट का सांगेल? मग मैत्रिणीने विचारण्याची पद्धत बदलली : “काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत, मला जागेवर नेऊन दाखवा.” चालता चालता लोक बोलू लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या एक आजी, निवृत्त शिक्षिका, आम्हाला बाथरूमच्या दारापर्यंत घेऊन आल्या आणि थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “दोन वर्षं झाली, मी दार उघडं ठेवून आंघोळ करते.”

बाथरूमचं दार आत उघडणारं होतं. माणूस आत पडलं आणि दाराला टेकून पडलं तर बाहेरून ते ढकलता येत नाही. ढकललं तर त्यालाच लागतं. अगदी सुरुवातीलाच एकदा असं झालं होतं, दार कापावं लागलं होतं. तेव्हापासून सगळ्यांना कडी न लावण्याची, दार थोडं उघडं ठेवण्याची सूचना होती. सूचना काळजीपोटीच दिलेली. पण ती पाळण्याची किंमत आजी रोज मोजत होत्या, आणि त्यांनी एकदाही हाक मारली नव्हती. माझ्या वहीत त्यांची नोंदच नव्हती. ते कळल्यावर मला वहीबद्दलचा माझा विश्वास जरा आवरता घ्यावा लागला. जे लोक हाक मारतच नाहीत, त्यांचं काय?

त्यासाठी आम्ही दुसरी पद्धत घेतली. तळमजल्याच्या आराखड्याच्या प्रती काढून दर अर्ध्या तासाने फिरायचं आणि कोण कुठे बसलंय ते ठिपक्याने दाखवायचं. चार दिवसांचे ठिपके एकावर एक ठेवले तेव्हा मागची बाग जवळपास कोरी होती. सुंदर बाग होती ती, पण तिथून काहीही घडताना दिसत नसे. वाट एका भिंतीपाशी संपत होती, तिथून तसंच मागे वळायचं, आणि पहिलं बाक साठ पावलांवर. ठिपक्यांची दाटी होती ती प्रवेशद्वार आणि लिफ्ट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत. तिथे राहणाऱ्यांनीच स्वतः चार खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. व्यवस्थापन त्या रोज हलवायचं, त्या रोज परत यायच्या. येणारं-जाणारं दिसतं, डॉक्टर आले ते कळतं, कुणाचा नातू आला ते कळतं. लोकांनी आपल्या खुर्च्यांनी इमारतीची दुरुस्ती केली होती आणि आम्ही तिला अडथळा म्हणत होतो.

मुख्य दालनातले सोफे भिंतीला पाठ लावून ओळीने मांडलेले, सीट इतकी खाली की उठताना कुणाचा तरी हात हवा. शेजारच्याशी बोलायचं तर मान पूर्ण वळवायची, आणि कमी ऐकू येणाऱ्याला तर समोरचे ओठ दिसायला हवेत. कॅनडात सस्कॅचेवानमधल्या एका वृद्धांच्या वॉर्डात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांना हेच दिसलं होतं. नवं सामान, ताजे रंग, आणि भिंतीकडेला गप्प बसलेली माणसं. त्यांनी खुर्च्या लहान टेबलांभोवती आणल्या, आणि लोकांनी सुरुवातीला कुरकुर केली तरी काही आठवड्यांत बोलणं वाढलं. तो अभ्यास १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. इतकी वर्षं उलटली तरी आम्ही आराखड्यात खुर्च्या भिंतीकडेलाच काढतो, कारण तशी खोली मोठी दिसते.

खोल्यांच्या खिडक्यांबद्दल थोडक्यात : सिल, म्हणजे खिडकीची खालची कड, जमिनीपासून ९०० मिलिमीटरवर होती. उभ्या माणसाला रस्ता दिसतो. खुर्चीत बसलेल्याला समोरच्या इमारतीचा मजला, आणि पलंगावर पडलेल्याला फक्त आकाश. भोजनगृहात टाळी वाजवली की तिचा आवाज वर घुमत राहायचा. श्रवणयंत्र लावलेले लोक ते काढून खिशात ठेवून जेवत. छताला आवाज शोषणारे पॅनेल लावणं एवढंच तिथे सुचवलं.

अहवाल लिहायला बसलो तेव्हा आमच्यात खरा वाद झाला. माझं म्हणणं होतं की वहीतल्या हाका शून्यावर आणणं हेच उद्दिष्ट ठेवावं. मैत्रीण तयार नव्हती. तिने वहीतली एक नोंद माझ्यापुढे ठेवली : तिसऱ्या मजल्यावरचे एक काका रोज दुपारी चारला सेविकेला बुटाची नाडी बांधायला हाक मारतात. “वेल्क्रोचे बूट दिले की ही हाक बंद,” ती म्हणाली, “आणि त्यांच्या दिवसातला तो एकमेव गप्पांचा वेळही बंद. ती नाडी त्यांना बांधता येते. मी पाहिलंय.” मग तिने वार्धक्याचा अभ्यास करणारे संशोधक लॉटन आणि नाहेमॉव यांची १९७३ ची मांडणी समजावली. माणसाची क्षमता आणि परिसराची मागणी यांचा मेळ बसावा लागतो. मागणी फार झाली तर माणूस हरतो, पण फार कमी झाली तरी जे येत होतं तेही हळूहळू जातं. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांना १९७६ मध्ये एका नर्सिंग होममध्ये असंच काहीसं दिसलं होतं. एका गटाला आपापले निर्णय घ्यायला आणि कुंडीतल्या रोपाची निगा राखायला सांगितलं, दुसऱ्या गटाला ‘सगळं कर्मचारी बघतील’ असं सांगितलं. पहिला गट जास्त उत्साही आणि सावध राहिला.

मी ऐकलं, रात्रभर विचार केला आणि सकाळी वहीत सहावा रकाना आखला : ‘ही हाक राहू द्यावी.’ नाडीची हाक तिथे गेली. बागेतल्या कुंड्यांना पाणी घालायला नळ उंच करून द्या, अशी एका आजीची मागणी होती. ती आम्ही ‘सोय’ म्हणून नव्हे, ‘काम’ म्हणून अहवालात घातली. विश्वस्तांना हा भाग कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. सगळं हाताशी आणून देणं म्हणजेच चांगली सेवा, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं.

बाकीच्या सूचना त्यांनी भराभर घेतल्या. दोऱ्या, कमोडच्या गडद सीट, कठड्यांना गडद रंग, पलंगाखाली उठल्याबरोबर लागणारा मंद पिवळसर दिवा, फायर डोअरचे चुंबक. बागेची वाट पुढे वळवून पुन्हा दारापाशी आणायची, प्रवेशाजवळची एक कचेरी मागे हलवून ती जागा बसायला द्यायची. उंबऱ्याचं मात्र काही करता आलं नाही. बांधताना बाथरूमचा स्लॅब, म्हणजे जमिनीखालचं काँक्रीट, खोलीपेक्षा खाली घेतलेला नव्हता, त्यामुळे पाइप वरच्या भरावात होते. उंबरा काढायचा तर सगळी जमीन फोडावी लागली असती. त्याला कडेने गडद पट्टी लावली, दोन्ही बाजूंना उभे बार दिले आणि अहवालात स्पष्ट लिहिलं की ही चूक या इमारतीत राहणार आहे. माझ्या टेबलावर तेव्हा दुसऱ्या एका निवासाचे नकाशे होते. त्यातला बाथरूमचा स्लॅब मी त्याच आठवड्यात खाली घेतला.

चार महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. दुसऱ्या मजल्यावर बाथरूमची दारं बाहेर उघडणारी करून घेण्याचं काम सुरू होतं. ते वाटलं तितकं सोपं नव्हतं. दार बाहेर उघडलं की कपाटाला आपटायचं, म्हणून प्रत्येक खोलीत कपाट फूटभर सरकवावं लागलं. कडी अशी बसवली होती की आतून लावता येते आणि गरज पडली तर बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येते. शिक्षिका आजींच्या खोलीतलं काम आदल्या दिवशीच संपलं होतं. मी कपाट आणि दार यांच्यातलं अंतर टेपने मोजत होते, तेव्हा त्या टॉवेल घेऊन आल्या.

“मोजून झालं असेल तर बाहेर थांब हं बाळ,” त्या म्हणाल्या.

मी टेप गुंडाळून बाहेर पॅसेजमध्ये आले. आतून कडी लागल्याचा आवाज आला, आणि मग पाण्याचा.